निर्दोष सुटल्यावर आलेली नोटीस

पत्र: «ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातले शेतकरी. बांधाच्या भांडणातून 2018 साली माझ्या आबांवर आणि काकांवर जिवे मारण्याचा प्रयत्न केल्याची केस झाली. सहा वर्षं तारखा केल्या. 10 जून 2024 ला सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. काका या होळीला वारले. आता कापूस वेचणीच्या दिवसांत पोलिसांनी उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाची नोटीस आणून दिली. सरकारला निकालावर अपील करायचं आहे, त्याला 312 दिवस उशीर झाला, तो माफ करा असा अर्ज आहे. फाईल वेगवेगळ्या टेबलांवर होती, अधिकाऱ्यांची बदली झाली, निवडणुकीचं काम होतं, अशी कारणं दिली आहेत. नोटिशीत काकांचंही नाव आहे. आबा सारखं म्हणतात, ‹आपन सुटी गऊत ना, मंग हाई काय शे?› गावात कोणी सांगतं, एका गुन्ह्याची केस दोनदा चालत नाही, पुढची कागदं घेऊच नका. ज्याला मार लागला होता तो चुलतभाऊ आता आमच्या घरी येतो-जातो. आबा दोन घासही धड जेवत नाहीत. काय करू?»

भाऊ,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा वाचलं. धुळ्याच्या कोर्टात एकतीस वर्षं काम करताना सुटकेच्या निकालानंतर रडणारी माणसं मी खूप पाहिली. आपण सुटलो म्हणजे संपलं, असंच त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं. आबांचा प्रश्न म्हणूनच मला अडाणी वाटत नाही. सहा वर्षं ज्याने तारखा केल्या, त्याला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आधी त्यांना हे सांगा की ही नोटीस म्हणजे शिक्षा नाही आणि अपील दाखल झालं असाही तिचा अर्थ नाही. सरकारला एका बंद दारातून आत यायचं आहे आणि दार उघडावं की नाही, हे ठरवण्याआधी कोर्ट तुम्हाला विचारतं आहे. तुमचं ऐकून घेतल्याशिवाय हा उशीर माफ होऊ नये, म्हणून ती आली आहे. तिच्याकडे धोका म्हणून बघू नका. बोलायची ही तुमची पाळी आहे.

गावातलं म्हणणं खरं नाही, ते आधी मनातून काढून टाका. घटनेच्या कलम 20(2) मध्ये एकाच गुन्ह्यासाठी एकाच माणसावर दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा करायला मनाई आहे. पण अपील हा नवा खटला नसतो. तो त्याच खटल्याचा पुढचा टप्पा असतो. सत्र न्यायालयाच्या सुटकेच्या निकालावर राज्य सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकतं. जुन्या फौजदारी संहितेत हे कलम 378 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 419 आहे. तुमच्या नोटिशीवर यातलं कोणतंही कलम असलं तरी गाभा एकच.

आणि नोटीस न घेण्याचा सल्ला तर फार घातक. «घेण्यास नकार» असा शेरा पडला की कोर्ट ती बजावली गेली असं धरतं. साक्री तालुक्यातला एक ऊसतोड कामगार असाच माझ्याकडे आला होता. तो निर्दोष सुटला होता. नोटीस आली तेव्हा तो टोळीबरोबर गुजरातेत होता. भावाने ती घेतली आणि देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. कोणी हजर झालं नाही, कोणी विरोध केला नाही, उशीर माफ झाला, अपील दाखल करून घेतलं गेलं आणि एक दिवस त्याच्या नावाचं वॉरंट आलं. सुटकेविरुद्धचं अपील दाखल झालं की उच्च न्यायालय आरोपीला अटक करून आणायला सांगू शकतं, मग तुरुंगात ठेवायचं की जामिनावर सोडायचं ते ठरतं. त्याला जामीन मिळाला. पुढे काही वर्षांनी त्याची सुटकाही कायम राहिली. पण मधले दिवस त्याने कसे काढले ते मी पाहिलं आहे. पहिल्या पायरीवर एक माणूस उभा राहिला असता, तर कदाचित हे काहीच झालं नसतं.

आता मुदतीचं बोलू, कारण तुमची खरी ताकद तिथेच आहे.

सरकारला अशा अपिलासाठी 90 दिवस मिळतात. हे मुदत कायदा 1963 च्या अनुच्छेद 114 मध्ये आहे. निकालाचा दिवस मोजायचा नाही. म्हणजे 11 जूनपासून मोजायला लागा, 90 वा दिवस 8 सप्टेंबर 2024 ला येतो. त्यात निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वाढवून मिळतात. प्रत्येक नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी नेली, याच्या तारखा असतात. अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच दिवस वाढवून मिळतात. तयार झालेली नक्कल महिनाभर खिडकीत पडून राहिली, तर तो महिना ज्याचा त्याच्याच माथी. समजा सरकारने 18 जूनला अर्ज केला आणि 2 जुलैला नक्कल तयार झाली. पंधरा दिवस वाढले, मुदत 23 सप्टेंबरला संपली. तिथून 312 दिवस म्हणजे 1 ऑगस्ट 2025. त्या दिवशी अर्ज दाखल झाला असेल तर आकडा बरोबर. नसेल, तर अर्जातला हिशेबच चुकला आहे. वकिलांना अर्जाबरोबर जोडलेल्या नकलेवरच्या तारखा बघायला सांगा. अनेकदा ही बेरीज कोणी करतच नाही.

उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला त्याच कायद्याच्या कलम 5 ने मिळतो. तिथे शब्द आहेत «पुरेसे कारण». सुटकेवरच्या अपिलालाही हे कलम लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली मंगू राम यांच्या प्रकरणात सांगितलं. त्यामुळे «मुदत गेली, आता अर्जच चालत नाही» असं म्हणून भागणार नाही. कारण पुरेसं आहे का, यावरच भांडावं लागेल.

इथे एक निकाल तुमच्या वकिलांनी हातात धरूनच उभं राहायला हवं. अजित सिंग ठाकूर सिंग विरुद्ध गुजरात राज्य, 1981. तेही सुटकेवरचंच अपील होतं. सरकारने आधी अपील करायचं नाही असं ठरवलं, मुदत जाऊ दिली आणि नंतर विचार बदलला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण अडचण दाखवायची तर ती मुदत संपायच्या आत उभी राहिलेली हवी. मुदत संपल्यानंतर घडलेली गोष्ट हे उशिराचं कारण होऊ शकत नाही.

हे मनात ठेवून निवडणुकीचं कारण बघा. लोकसभेची मतमोजणी 4 जून 2024 ला झाली, तुमच्या निकालाच्या सहा दिवस आधी. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. तेव्हा मुदत उलटून गेली होती. मधे जूनच्या शेवटी नाशिक शिक्षक मतदारसंघाचं मतदान झालं. त्यात आपले खानदेशातले तीनही जिल्हे येतात आणि सरकारी वकील ते दाखवतील. दाखवू द्या. पण जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर कसे गेले, हे त्यांना तरीही सांगावं लागेल.

बदलीचंही तसंच. कोणाची बदली, कोणत्या तारखेला, त्या जागी कोण आलं, फाईल त्या टेबलावर किती दिवस होती? अपिलाचा प्रस्ताव जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या मतापासून निघतो, मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे जातो आणि तिथून खंडपीठातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात येतो. हा प्रवास लांब आहे, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक मुक्कामावर आवक-जावक नोंद असते. ज्या अर्जात तारखा नसतात, फक्त «विविध स्तरांवर प्रलंबित» एवढंच असतं, त्या अर्जाला मी कारण मानत नाही.

कोर्टानेही ते मानलेलं नाही. 2012 साली चीफ पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या प्रकरणात सरकारी खात्याला 427 दिवस उशीर झाला होता. फायली फिरत होत्या, एवढ्यावर सवलत मिळणार नाही, मुदतीचा कायदा सरकारलाही तसाच बांधतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून अपील फेटाळलं. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार भेरूलाल यांच्या विरोधात 663 दिवस उशिरा कोर्टात आलं तेव्हा तर सरकारलाच 25,000 रुपये भरायला लावले. ही दोन्ही प्रकरणं दिवाणी बाजूची आहेत, हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण समोरचे वकील तेच म्हणतील. त्यावर माझं म्हणणं असं की जमिनीच्या आणि पैशाच्या वादात सरकारला हा नियम लागतो, तर माणसाच्या स्वातंत्र्याच्या वादात तो अधिकच कडकपणे लागायला हवा.

समोरचे वकील 1987 चा अनंतनागचा निकालही वाचून दाखवतील. भूसंपादन अधिकारी विरुद्ध कातिजी. त्यात कोर्टाने म्हटलं होतं की उशिराकडे उदार मनाने बघा, दिवस-दिवसाचा हिशेब किचकटपणे मागू नका. निकाल खराच आहे आणि चांगलाही आहे. पण तिथे उशीर चार दिवसांचा होता.

मुदतीवर मी इतकी का अडून बसते, तेही सांगते. लोक म्हणतात, «तांत्रिक मुद्द्यावर सुटले». मला हे बोलणं फार लागतं. आबांनी 2024 नंतर काय केलं असेल? जामिनासाठी तारण ठेवलेला सातबारा सोडवला असेल, सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं असेल, घरात एखादं लग्न ठरवलं असेल, भावबंदाशी बोलणं सुरू केलं असेल. मुदत संपली या भरवशावरच तर माणूस पुन्हा जगायला लागतो. तो भरवसा कायद्याने दिला आहे. सरकारने मनात येईल तेव्हा येऊन तो काढून घ्यायचा, आणि कारण काय, तर टेबल. हा अन्याय आहे. तांत्रिक तर तो मुळीच नाही.

तरीही माझा राग प्रत्येक उशिरावर नाही. काही वर्षांपूर्वी धडगावकडच्या एका पावरा आईचं काम माझ्याकडे आलं. तिचा मुलगा मारला गेला होता आणि आरोपी सुटले होते. निकाल लागला हे तिला कोणी कळवलंच नाही. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात आरोपी मोकळे फिरताना दिसले, तेव्हा तिला कळलं. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, सुटकेवर स्वतः अपील करायचा हक्क आहे. त्यासाठी कोर्टाची आगाऊ परवानगीही लागत नाही, हे 2018 मध्ये मल्लिकार्जुन कोडागली यांच्या प्रकरणात ठरलं. आम्हाला चार महिन्यांहून जास्त उशीर झाला होता. अर्जात काहीही सजवलं नाही. बाजार कधी होता, ती पायी किती चालली, नंदुरबारला कधी पोचली, नकलेचा अर्ज कोणत्या दिवशी केला, तेवढंच लिहिलं. उशीर माफ झाला. ज्याला कळलंच नाही त्याचा उशीर आणि ज्याच्या हाताखाली सगळी यंत्रणा आहे त्याचा उशीर एका तराजूत घालायचा नसतो. «पुरेसे कारण» या शब्दांत हा फरक बसतो, म्हणूनच तो शब्द मला प्रिय आहे.

तुमच्या चुलतभावालाही हा हक्क होता. त्याने तो वापरला नाही आणि तो आता घरी येतो-जातो, हे ऐकून बरं वाटलं. पण त्याने सरकारचा हात बांधला जात नाही. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. त्याच्याकडून कोणताही कागद लिहून घ्यायला जाऊ नका. सत्र न्यायालयात साक्ष दिलेल्या माणसाकडून आता लिहून घेतलेलं काहीही तुमच्यावरच उलटू शकतं. चहा पाजा, बाकी काही नको.

काकांचं नाव नोटिशीत बघून मलाच वाईट वाटलं. आरोपी वारला की सरकारचं सुटकेवरचं अपील त्याच्यापुरतं कायमचं संपतं, तसं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीतून त्यांच्या मृत्यूचा दाखला काढा आणि वकिलांकडे द्या. आणि एक गोष्ट कोर्टाच्या नजरेला आणून द्यायला सांगा. काका होळीला गेले, अर्ज त्यानंतर कित्येक महिन्यांनी झाला. एवढ्या टेबलांवरून फिरलेल्या फायलीत माणूस हयात आहे का, हे कोणीही पाहिलं नाही. 312 दिवस नेमके कशात गेले, हा प्रश्न त्या एका दाखल्याने फार ठळक होतो.

उशीर माफ झालाच तर? तरी घाबरायचं नाही. सरकारला पुढे अपिलासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तिथे निकालात वाद घालण्यासारखं काही आहे का, एवढंच बघतात. बहुधा त्या पायरीवर तुम्हाला फारसं बोलायला मिळणार नाही, म्हणूनच आत्ताची पायरी मोलाची. परवानगी मिळाली तर अपील चालेल, आणि त्यात आबांच्या बाजूने दुहेरी भिंत असेल. प्रत्येक आरोपी मुळातच निर्दोष धरला जातो, आणि सुटकेच्या निकालाने ते गृहीत आणखी पक्कं होतं. 2007 च्या चंद्रप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मांडलं आहे. पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघू शकत असतील, तर खालच्या कोर्टाने काढलेला सुटकेचा निष्कर्ष वरच्या कोर्टाने हलवू नये. आणि अगदी वाईटात वाईट, उच्च न्यायालयाने सुटका फिरवून दहा वर्षं किंवा त्याहून मोठी शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करणं हा आबांचा हक्क असतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

निकालाच्या वेळी आबांनी वरच्या कोर्टात हजर राहण्याचा जातमुचलका लिहून दिला असेल. तो सहा महिन्यांचा असतो. त्याची मुदत संपली म्हणून अपिलाचा रस्ताही बंद झाला, असं काहींना वाटतं. तसं नाही. पण त्या कागदाची प्रत असेल तर तीही सोबत ठेवा.

आता कामाचं. खंडपीठात काम करणारा वकील हवा, तालुक्याच्या वकिलांना पाठवून चालणार नाही. पण खटला ज्यांनी चालवला त्यांच्याकडून सगळी फाईल, साक्षीपुराव्याच्या नकला आणि निकालाची प्रत आधी घ्या. फीची अडचण असेल तर 15100 वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. खंडपीठातही विधी सेवा समिती आहे. उत्पन्नाची अट बसत असेल तर वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांना तर उत्पन्नाची अटही नाही. तुमच्या वकिलांनी नुसतं तोंडी बोलू नये, प्रतिज्ञापत्रावर लेखी म्हणणं द्यावं: निकालाची तारीख, नकलेच्या तारखा, मुदत संपली तो दिवस, आणि त्यापुढे सरकारच्या प्रत्येक कारणासमोर «हे कधी घडलं?». दोन-तीन पानं पुरतात. अर्जात कागदपत्रं जोडली नसतील, तर ती हजर करायला लावा, म्हणजे आवक-जावक नोंद समोर येईल.

नोटिशीवरची तारीख आणि अर्जाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळाला तर तारखा मोबाईलवर बघता येतात. वकिलांना दर वेळी फोन करावा लागत नाही.

पहिल्या तारखेला आबांना पारोळा-चाळीसगाव करत कन्नडच्या घाटातून न्यायची गरज नाही. वकीलपत्रावर त्यांची सही घरीच घ्या आणि तुम्ही जा. वेचणी चालू राहू द्या. निघताना त्यांना एवढं सांगा की आपलं म्हणणं सांगायला मी चाललो आहे, आणि कागदावर काय लिहून दिलं ते परत आलो की तुम्हाला वाचून दाखवीन. आणि खरोखर वाचून दाखवा, आपल्या अहिराणीत.

तुमची,
ताई